उजवीकडून जाणारी वाट

१९१३ सालच्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या जर्मन हॉस्पिटलमध्ये फ्रान्झ टोरेक या सर्जनने ६७ वर्षांच्या एका बाईंच्या छातीतून कॅन्सर झालेली अन्ननलिका काढली आणि त्या बाई जगल्या. काढलेल्या नळीच्या जागी आत काहीच बसवता आलं नव्हतं. घशाकडचं उरलेलं टोक टोरेकने कातडीखालून छातीवर बाहेर काढलं होतं. जठराला पोटावर भोक पाडून वेगळी वाट करून दिली होती. जेवायच्या वेळी या दोन तोंडांमध्ये एक रबरी नळी अंगाच्या बाहेरून लावायची. घास तोंडात चावायचा, गिळायचा, तो छातीवरच्या तोंडातून रबरात उतरायचा आणि पुन्हा पोटात शिरायचा. असं जेवत त्या बाई पुढे बारा वर्षांहून अधिक काळ जगल्या.

त्या रबरी नळीचं चित्र मनातून जात नाही. पण सर्जरीच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब आहे ती तारखेची. सर्जन बिलरोथने व्हिएन्नात जठराचा भाग काढला १८८१ मध्ये. धडधडत्या हृदयावर पहिला यशस्वी टाका पडला १८९६ मध्ये. आणि एवढीशी स्नायूंची नळी, जिचं काम फक्त घास खाली सरकवण्याचं, तिला छातीतून बाहेर काढून माणूस जिवंत ठेवायला १९१३ उजाडावं लागलं. त्यानंतरही वीसेक वर्षं हे यश फारसं कुणाच्या हाती लागलं नाही. याचं कारण अन्ननलिकेच्या रचनेत थोडं आणि तिच्या शेजारात फार आहे. ही नळी कापणं अवघड नाही. ज्यांच्यामधून ती जाते, त्यांना न दुखावता तिला सोडवून आणणं अवघड आहे. हे प्रकरण म्हणूनच अन्ननलिकेपेक्षा तिच्या शेजाऱ्यांविषयी अधिक आहे.

आधी नळी. मोठ्या माणसात तिची लांबी साधारण २५ सेंटिमीटर, म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून धरलेल्या मोठ्या वितीएवढी. मानेत सहाव्या मणक्याच्या पातळीवर, स्वरयंत्राखालच्या कूर्चेच्या कड्यापाशी ती सुरू होते, छातीतून उतरते, छाती आणि पोट यांच्यामधल्या मध्यपटलातून छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीवर खाली शिरते आणि लगेच जठराला मिळते. एन्डोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये ‘२८ ते ३३ सेंटिमीटरवर गाठ’ असं लिहिलेलं असतं आणि घरचे लोक गोंधळतात, कारण नळीच मुळी २५ सेंटिमीटरची. तो आकडा समोरच्या दातांपासून मोजलेला असतो. दातांपासून १५ सेंटिमीटरवर अन्ननलिका सुरू होते आणि सुमारे ४० वर संपते. म्हणजे २८ ते ३३ ही गाठ छातीच्या मध्यावर किंवा जरा खाली, श्वासनलिका दुभंगते त्या फाट्याच्या खालच्या अंगाला. एवढ्या एका आकड्यावरून सर्जन ओळखतो की गाठीच्या पुढ्यात कोण असेल, मागे कोण, आणि धोका कुठून.

नळी सरळ उतरते असं चित्रात दिसतं, पण ती किंचित नागमोडी आहे. मानेत ती मध्यरेषेच्या जराशी डावीकडे झुकते. छातीत शिरल्यावर महाधमनीची कमान डावीकडची जागा अडवते, म्हणून ती मध्यावर, थोडी उजवीकडे येते. खाली मध्यपटलाजवळ ती महाधमनीच्या पुढून पुन्हा डावीकडे वळते. वाचताना हे बाकदार वळण क्षुल्लक वाटेल. ऑपरेशनची सगळी वाट त्यावर ठरते. मानेत तिला गाठायचं तर डावीकडून. छातीत गाठायचं तर उजवीकडून, कारण डावीकडून गेलं तर हृदय आणि महाधमनीची कमान वाटेत उभी. टोरेक डावीकडूनच गेला होता आणि कमानीमागे लपलेला भाग सोडवताना त्याला मोठी कसरत करावी लागली. लंडनमध्ये काम करणारे वेल्श सर्जन आयव्हर लुइस यांनी १९४६ मध्ये उजव्या बाजूने जाण्याची पद्धत मांडली: आधी पोट उघडून जठर मोकळं करायचं, मग उजवी छाती उघडून गाठ काढायची आणि जठर वर ओढून तिथेच जोडायचं. १९७६ मध्ये मॅककिओन यांनी मानेतला तिसरा छेद जोडला. आजही या दोघांच्या नावानेच ऑपरेशनं ओळखली जातात. अन्ननलिकेच्या त्या दोन हलक्या वळणांनीच ती ठरवून दिली आहेत असं म्हटलं तरी चालेल.

नळीच्या भिंतीविषयी दोन गोष्टी सांगून पुढे जातो. पहिली, पोटातल्या आतड्याला बाहेरून सीरोसा नावाचं गुळगुळीत, चिवट आवरण असतं. अन्ननलिकेला छातीत ते नाही. तिच्या स्नायूंवर नुसती सैल, जाळीदार ऊतींची ओढणी असते. सीरोसा टाक्यांना बळ देते, सांधा लवकर बंद करते आणि कॅन्सरला काही काळ अडवते. इथे ते तिन्ही नाही. उभे धावणारे स्नायू टाका धरत नाहीत, लोण्यातून दोरा जावा तसे फाटतात. टाक्याला खरा आधार मिळतो तो आतल्या अस्तराचा आणि त्याखालच्या थराचा. म्हणून सर्जन टाका घेताना अस्तर सुईत आलं ना, हे पुनःपुन्हा पाहतो. दुसरी गोष्ट त्याच थराची. अस्तराखाली लसीकावाहिन्यांचं दाट जाळं आहे आणि ते आडवं कमी, उभं जास्त वाहतं. छातीच्या मध्यावरची गाठ शेजारच्या लसीका गाठींना वगळून थेट मानेतल्या किंवा जठराजवळच्या गाठीत पेशी पाठवू शकते. लसीका गाठी म्हणजे मानेत किंवा जांघेत ‘अवधाण आलं’ म्हणतो तेव्हा हाताला लागतात त्याच. या कॅन्सरमध्ये गाठीभोवतीचा मोजका भाग काढून भागत नाही. मानेपासून पोटापर्यंतच्या लसीका गाठी हिशेबात घ्याव्या लागतात.

आता पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आहे आणि पालथा आहे.

कॅमेरा छातीत घालून अन्ननलिका सोडवण्याचं काम १९९२ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या अल्फ्रेड कुशिएरी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांचं वारं तेव्हा नुकतंच सुटलं होतं. सुरुवातीला पेशंट डाव्या कुशीवर असे आणि उजवं फुप्फुस सतत बाजूला धरून ठेवण्यासाठी एक अवजार अडकून पडे. पेशंटला पालथं घातलं तर काय होईल, हाही प्रयोग कुशिएरींनीच केला. आपल्याकडे कोइम्बतूरच्या सी. पलनिवेलू यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुळवली आणि २००६ मध्ये १३० रुग्णांचा अनुभव मांडला. जगभरात पालथ्या ऑपरेशनचा विषय निघाला की त्या कामाचा उल्लेख होतो. पालथं घातल्यावर जे होतं ते अगदी साधं आहे. फुप्फुस आणि हृदय आपल्या वजनाने खाली, म्हणजे छातीच्या हाडाकडे झुकतात. रक्ताचा थेंब पडला तर तोही ओघळून खाली जातो, कॅमेऱ्यासमोर साचत नाही. पाठीच्या कण्यालगतचा सगळा प्रदेश वर येतो आणि अन्ननलिका त्यात दोरीसारखी लोंबकळते. बरगड्यांमधल्या तीन-चार लहान छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड हलक्या दाबाने, सहा ते आठ मिलिमीटर पाऱ्याएवढा, आत सोडतात. फुप्फुस आणखी दबतं आणि ऊतींचे थर आपोआप फुगून सुटे दिसू लागतात. जे काम माणसाच्या हाताने करायचं ते इथे वजन आणि वायू करतात.

आत पहिल्यांदा नजरेत भरते ती एक निळसर, जाड शीर. पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने ती वर चढते आणि चौथ्या मणक्यापाशी कमान करून पुढे वळते, वरच्या महाशिरेला मिळते. तिचं नाव अझायगस. ग्रीकमध्ये झायगॉन म्हणजे जू, आणि आपलं बैलांचं जू, संस्कृतातलं युग, हे त्याच मूळ धातूचे नातलग. अझायगस म्हणजे जू नसलेली, जोडीदार नसलेली. शरीरातल्या बहुतेक शिरा उजव्या-डाव्या जोडीने येतात. हिच्या तोडीची डावीकडे कुणी नाही, म्हणून हे नाव. तिची कमान अन्ननलिकेवर आडवी पडलेली असते, रस्त्यावर रेल्वेचा पूल असावा तशी. वर जायचं तर बहुधा ती बांधून कापावी लागते. रक्ताला दुसऱ्या वाटा असल्याने शरीर ते निभावून नेतं. पण कमानीच्या लगेच खाली श्वासनलिकेला रक्त देणारी बारीक धमनी धावते. घाईत ती गेली तर श्वासनलिकेची भिंत उपाशी पडते. काळजी घेणारे सर्जन ती शोधून वाचवतात.

त्या श्वासनलिकेची गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिला आधार देणारी कूर्चेची कडी पूर्ण वर्तुळ नसतात, घोड्याच्या नालासारखी मागून उघडी असतात. मोकळी बाजू पातळ पडद्याची. आणि तोच पडदा अन्ननलिकेला पाठ टेकून उभा आहे. म्हणजे शरीराने श्वासनलिकेची सगळ्यात नाजूक बाजू नेमकी तिथे ठेवली आहे जिथे सर्जनला काम करायचं आहे. आजची कापण्याची साधनं उष्णतेने किंवा ध्वनिलहरींच्या कंपनाने रक्त थोपवत कापतात; त्यांचं गरम टोक त्या पडद्याला क्षणभर टेकलं तर तेव्हा काहीच दिसत नाही, आणि काही दिवसांनी तिथे भोक पडू शकतं. डाव्या मुख्य श्वासवाहिनीचंही असंच. ती अन्ननलिकेच्या पुढून आडवी जाते आणि फाट्याखालच्या लसीका गाठी काढताना अगदी हाताशी असते.

फाट्याच्या खाली अन्ननलिकेच्या पुढ्यात हृदयाची पिशवी येते, तिच्या आड डावा कर्णिका कप्पा. प्रत्येक ठोक्याला कॅमेऱ्यातलं सगळं दृश्य हलतं. डावीकडे महाधमनी, तिच्यापासून अन्ननलिकेला येणाऱ्या बारीक धमन्या. त्या अन्ननलिकेच्या अंगाला पोहोचेपर्यंत आणखी बारीक फांद्यांत फुटतात. काही सर्जन छाती न उघडता मान आणि पोट या दोन टोकांकडून बोटांनी अन्ननलिका सोडवत आले, अमेरिकेतल्या मार्क ऑरिंगर यांनी १९७८ पासून ही पद्धत लोकप्रिय केली, ते या बारीकपणामुळेच शक्य झालं. फांद्या तुटल्या तरी आक्रसून आपोआप बंद होतात. पण बोटांना लसीका गाठी दिसत नाहीत, आणि आपल्याकडच्या रुग्णांसाठी ही उणीव मोठी आहे. पाश्चात्त्य देशांत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा, आम्लपित्ताच्या जुन्या त्रासातून येणारा ग्रंथींचा कॅन्सर वाढला आहे. भारतात अजूनही तंबाखू, सुपारी, दारू यांच्याशी नातं असलेला, सपाट पेशींचा आणि बहुधा मधल्या किंवा खालच्या भागातला कॅन्सर जास्त. मधल्या भागातली गाठ वरच्या लसीका गाठींकडे लवकर जाते. तिथे डोळा पोहोचायलाच हवा.

महाधमनी आणि अझायगस यांच्यामध्ये, कण्याला चिकटून, एक पांढुरकी वाहिनी वर चढते. आतड्यातून शोषलेली चरबी रक्तात पोहोचवणारी ही छातीची मुख्य लसीकावाहिनी. तिची भिंत इतकी पातळ आणि आतला द्रव इतका पारदर्शक, की उपाशी माणसात ती दिसतही नाही. म्हणून काही ठिकाणी ऑपरेशनच्या काही तास आधी साय किंवा तेलासारखं स्निग्ध काही पेशंटला देतात. मग ती दुधाने भरल्यासारखी पांढरी दिसते. ती पोटातून उजव्या अंगाने चढते, छातीच्या पाचव्या मणक्याच्या सुमारास अन्ननलिकेच्या मागून डावीकडे ओलांडते आणि डाव्या मानेच्या बुंध्याशी मोठ्या शिरेत रिकामी होते. म्हणजे खाली ती उजव्या छातीतून हाताला येते आणि वर गेली की पलीकडे निसटते. तिला चीर पडली तर दिवसाला लिटरांनी दुधट द्रव छातीत साचतो, आणि त्याबरोबर चरबी, प्रथिनं आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी वाहून जातात. पेशंट आठवड्याभरात डोळ्यांदेखत वाळतो. फाटल्याची शंका आली तर मध्यपटलाच्या जरा वर, जिथे ती एकच दोर असते, तिथेच बांधतात. लसीकेला आडवाटा पुष्कळ आहेत. बांधलेलं शरीर सोसतं, गळती सोसत नाही.

आता या ऑपरेशनचा सगळ्यात अवघड शेजारी. यासाठी थोडं मागे जावं लागेल, रोमन काळात. गेलन हा ग्रीक वैद्य रोममध्ये लोकांसमोर डुकरावर प्रयोग करून दाखवी. बांधलेलं डुक्कर जिवाच्या आकांताने ओरडत असे. गेलन त्याच्या मानेतले दोन बारीक धागे आवळायचा आणि ओरडणं एकदम थांबायचं. डुक्कर तडफडायचं, पण आवाज नाही. मुका जीव असा जाहीरपणे छळलेला वाचवत नाही, तरीही आवाज हृदयातून नव्हे तर मेंदूच्या हुकमाने येतो, हे त्या प्रयोगाने सिद्ध झालं. ते धागे म्हणजे स्वरयंत्राच्या परतीच्या नसा.

परतीच्या, कारण त्यांची वाट उलटी आहे. मेंदूतून निघालेली व्हेगस नस मानेतून खाली छातीत येते. स्वरयंत्र मानेत, वाटेतच आहे. तिथे सरळ एक फांदी द्यायला हवी होती. पण ती फांदी आधी छातीत उतरते आणि मग वळून पुन्हा वर मानेत चढते. उजवी नस उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या खालून वळते. डावी तर थेट महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून परत चढते. असं का, याचं उत्तर गर्भात आहे. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हृदय मानेच्या पातळीवर असतं, त्यातून निघणाऱ्या धमन्यांच्या जोड्या गळ्याभोवती कमानी करतात आणि स्वरयंत्राची नस सहाव्या कमानीच्या खालून सरळ जाते. मग मान लांबते, हृदय छातीत उतरतं, आणि कमानीत अडकलेल्या नसा तिच्याबरोबर खाली ओढल्या जातात. उजवीकडे खालच्या कमानी विरून जातात, म्हणून नस निसटून वरच्या धमनीला अडकते. डावीकडे सहाव्या कमानीचा एक भाग जन्मापर्यंत टिकतो, म्हणून ती खोलवर राहते. जिराफात हीच नस एवढी मान उतरून पुन्हा चढते आणि तिची लांबी चार मीटरांहून अधिक भरते. माशांच्या कल्ल्यांचा आराखडा घेऊन निघालेल्या शरीराने जुनी तार कधी तोडली नाही, नुसती लांबवत नेली.

सर्जनसाठी याचा अर्थ असा, की मान सोडून छातीच्या वरच्या टोकाला काम करतानाही तो आवाजाच्या दोऱ्यांवर काम करत असतो. आणि तिथेच, या नसांना लगटून, लसीका गाठींची माळ असते. सपाट पेशींचा कॅन्सर या माळेत लवकर पोहोचतो; जपानी सर्जनांनी मान, छाती आणि पोट अशा तिन्ही ठिकाणच्या गाठी पद्धतशीर काढायला सुरुवात केली ती हे ओळखूनच. नस राखायची म्हणून गाठी सोडल्या तर कॅन्सर मागे राहतो. गाठींसाठी नस ओढली, भाजली, तर स्वररज्जू लुळा पडतो. घोगरा आवाज हे त्यातलं सगळ्यात किरकोळ दुखणं. स्वररज्जू नीट मिटले नाहीत तर खोकला पोकळ होतो, पाण्याचा घोट श्वासनलिकेत उतरतो, कफ बाहेर पडत नाही. ऑपरेशनमधून सहीसलामत निघालेला माणूस पाचव्या दिवशी न्यूमोनियाने अडकतो. शंभरात एखाद्याच्या शरीरात आणखी एक फेर असतो: उजव्या हाताची धमनी चुकीच्या जागी, महाधमनीच्या दुसऱ्या टोकाकडून निघून अन्ननलिकेच्या मागून येते, आणि त्या बाजूची नस परतीची राहतच नाही, मानेतच सरळ आडवी जाते. सीटी स्कॅनमध्ये ही धमनी आधी हेरली नाही तर सर्जन नेहमीच्या ठिकाणी नस शोधत राहतो.

मला कॅमेऱ्याची खरी कमाई इथे दिसते. दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की लोकांना लहान जखम, कमी दुखणं, लवकर घरी हे आठवतं. ते सगळं खरं आहे. नेदरलँड्स, स्पेन आणि इटलीतल्या पाच हॉस्पिटलांनी मिळून ११५ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निकाल २०१२ मध्ये आला. छाती उघडलेल्या रुग्णांपैकी २९ टक्क्यांना पहिल्या दोन आठवड्यांत फुप्फुसाचा संसर्ग झाला, दुर्बिणीच्या गटात ९ टक्क्यांना. बरगड्या फाकवल्या की श्वास दुखतो, दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, आणि फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो. हे चक्र छोट्या छिद्रांनी तोडलं. याशिवाय कॅमेरा दहा-पंधरा सेंटिमीटर जवळ जातो आणि कित्येक पट मोठं करून दाखवतो. ज्या प्रदेशात आधी हात चाचपडत होता तिथे आता केसाएवढ्या वाहिन्या वेगवेगळ्या दिसतात. त्यातून रचनेचं ज्ञानही सुधारलं. महाधमनी आणि अन्ननलिका यांच्यामध्ये नुसती सैल चरबी आहे असं पाठ्यपुस्तकं मानत आली होती. नेदरलँड्समधल्या सर्जनांनी आणि शरीररचनेच्या अभ्यासकांनी गेल्या दशकात शवांवरचे छेद आणि ऑपरेशनमधली दृश्यं शेजारी ठेवून दाखवलं, की तिथे पातळ पडदे आहेत, आणि अन्ननलिकेच्या धमन्या, नसा, लसीकावाहिन्या त्या पडद्यांच्या घडीतून येतात. आतड्याला मेसेंटरी नावाची घडी असते तशी अन्ननलिकेलाही आपली झालर आहे. मग काम फाडण्याचं उरत नाही, घडी उलगडण्याचं होतं: योग्य पडद्यांच्या मधून गेलं तर रक्त जवळजवळ येत नाही आणि गाठी झालरीसकट अखंड निघतात. पेशंट तोच, शरीर तेच. बदलली ती नजर.

छातीतलं काम संपलं की पेशंटला उताणं करतात. पोटात जठर वाट पाहत असतं, कारण नवी नळी त्याचीच करायची. जठराला रक्त देणाऱ्या धमन्या चार बाजूंनी येतात आणि एवढी श्रीमंती शरीरात थोड्याच अवयवांच्या वाट्याला आली आहे. त्यांतल्या बहुतेक कापायच्या. डावी जठरधमनी मुळाशी कापायची, तिच्याभोवतीच्या लसीका गाठी काढायच्या, प्लीहेकडून येणाऱ्या छोट्या धमन्याही तोडायच्या. राखायची ती मुख्यतः एक: जठराच्या बाहेरच्या मोठ्या बाकाला लगटून उजवीकडून येणारी. तिला हात लागला तर पुढचं सगळं फुकट. मग जठराचा आतला बाक स्टेपलरने कापून उरलेल्याची चार-पाच सेंटिमीटर रुंदीची नळी करतात आणि अन्ननलिकेच्या रिकाम्या बिछान्यातून वर ओढतात.

अडचण नळीच्या टोकाशी आहे. ती राखलेली धमनी मोठ्या बाकाच्या मध्यापर्यंतच स्पष्ट धावते. नळीच्या वरच्या साधारण पाचव्या भागाला नाव असलेली एकही धमनी पोहोचत नाही. तिथे रक्त जातं ते भिंतीतल्याच बारीक जाळ्यातून झिरपत. आणि सांधा करायचा तो नेमक्या त्याच टोकाशी, कारण लांबी पुरवायची असते. विहिरीपासून सगळ्यात दूरच्या वाफ्यात रोप लावण्यासारखं हे. सांधा गळण्याचं भय या ऑपरेशनला कायम चिकटलेलं आहे ते यामुळे. हल्ली शिरेतून हिरवा रंग सोडतात, इन्डोसायनिन ग्रीन, आणि अवरक्ताजवळच्या प्रकाशात पाहतात. रक्त पोहोचलेली भिंत उजळते, न पोहोचलेली काळी राहते आणि सर्जन तेवढं टोक कापून टाकतो. सांधा मानेत करायचा की छातीत, यावर सर्जनांचे दोन पक्ष आहेत. मानेतला जास्त वेळा गळतो, पण गळला तर टाके काढून जखम उघडली की लाळ बाहेर येते. छातीतला कमी वेळा गळतो, पण गळला तर हृदयाशेजारी विष साचतं. मध्यभागातल्या, वर चढलेल्या गाठींसाठी मला मानेतला सांधा पटतो: वरची कड कॅन्सरपासून दूर राहते, आणि बिघाड झालाच तर तो हाताच्या टप्प्यात असतो.

मानेत अन्ननलिकेला डावीकडून गाठतात, गळ्यातला मोठा तिरका स्नायू आणि रक्तवाहिन्यांचा गठ्ठा बाहेर सारून. इथे परतीची नस पुन्हा भेटते, खाचेत, आता स्वरयंत्रात शिरायच्या बेतात. ती धातूच्या चिमट्याने धरायची नाही, आणि आड येणारी श्वासनलिका अवजाराने ओढायची नाही, बोटाने हळूच सारायची. जठराचं टोक वर येतं, अन्ननलिकेच्या बुंध्याशी शिवलं जातं, मान बंद होते.

बदललेलं शरीर घरी जाऊन शिकावं लागतं. व्हेगस नसा कापल्या गेल्याने जठराचं दार आळसावतं. छातीतलं जठर पूर्वीसारखं पोतं राहिलेलं नाही, म्हणून दोन वेळच्या ताटाऐवजी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. आम्ल आणि पित्त वर येऊ नये म्हणून रात्री उशाशी दोन उशा चढवून झोपायचं. बायकांना, आजींना हे विशेष जड जातं. सगळ्यांचं झाल्यावर एकदाच पोटभर जेवायची सवय जन्मभराची असते.

पण त्याच्या आधी, ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, बिछान्याशी एक तपासणी होते. बारीक लवचीक दुर्बीण नाकातून घशापर्यंत नेतात आणि म्हणतात, “आजी, ‘ई’ म्हणा.” पडद्यावर दोन पांढऱ्या कडा दिसतात, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उघडलेल्या. आजी घाबरतात, घसा कोरडा आहे, आवाज कापरा निघतो. डॉक्टरांचं लक्ष आवाजाकडे नसतं. उजवी कड आत सरकते. डावी, जिची नस छातीत महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन आली आहे, ती क्षणभर मागे राहते, आणि मग तीही येऊन उजवीला मिळते.